ह, श, द, ए आणि ६१७४

कागद-पेन्सिल घ्या आणि चार अंकी एक संख्या लिहा. चारही अंक एकसारखे नसले म्हणजे झालं. मी ३५२४ घेतो. तिचे अंक उतरत्या क्रमानं लावले की ५४३२ आणि चढत्या क्रमानं लावले की २३४५. मोठीतून लहान वजा केली, उरले ३०८७. आता ३०८७चं तेच करायचं. ८७३०मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. पुन्हा एकदा, ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. अजून एकदा करून पाहा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, संख्या जागची हलत नाही.

हे ज्यांनी शोधलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि नोकरी नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत, शिक्षकाची. विद्यापीठात जागा नाही, गणितातली मोठी पदवी नाही, हाताशी यंत्र नाही. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ लोकांपुढे ठेवला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं आणि देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर पोचलं. आज तो आकडा ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

प्रोग्रामिंग शिकायला बसणाऱ्याच्या हाती मी पहिलं काम देतो ते हेच. कारण सांगतो. पहिला प्रोग्राम अशा गोष्टीचा असावा, जी आपल्याला हातानं नीट करता येते, पण हजारदा करायला आयुष्य पुरणार नाही. १००० ते ९९९९ या नऊ हजार संख्यांतून ११११, २२२२ अशा एकसारख्या अंकांच्या नऊ काढल्या की राहतात ८,९९१. त्या सगळ्या ६१७४पर्यंत नेऊन पोचवायच्या तर एकूण ४२,०६५ वजाबाक्या कराव्या लागतात. एका वजाबाकीला एक मिनिट धरलं तरी सातशे तास झाले. यंत्राला हे काम काही सेकंदांचं आहे. पण त्यासाठी त्याला ‘कसं करायचं’ ते सांगावं लागतं, आणि आपण हातानं काय काय करतो हे सांगायला बसलं की कळतं, त्यातलं निम्मं आपण स्वतःलासुद्धा कधी सांगितलेलं नसतं. या प्रकरणात मला दाखवायचंय ते एवढंच.

साधन म्हणून मी ‘जीएनयू ऑक्टेव्ह’ निवडलंय. हे फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं. नावाचा संगीतातल्या सप्तकाशी संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील हे ओरेगॉन राज्य विद्यापीठातले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक. हाताशी येईल त्या लिफाफ्याच्या पाठीवर झटकन अंदाजी हिशेब मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांचे विद्यार्थी जॉन ईटन यांनी पुढे हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याला गुरूंचं नाव दिलं. रासायनिक क्रियांची पात्रं, म्हणजे रिअॅक्टर, कशी आखायची याचं एक पाठ्यपुस्तक विस्कॉन्सिन आणि टेक्सास विद्यापीठांतले दोन प्राध्यापक लिहीत होते. त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठी गणिताचं साधन हवं, या गरजेतून १९८८च्या सुमारास ही कल्पना निघाली. मुलं फोरट्रान भाषेतल्या आपल्या प्रोग्रामच्या चुका शोधण्यातच वेळ घालवत होती आणि रसायनाचा विषय बाजूलाच राहत होता. ईटन यांनी १९९२मध्ये काम नेटानं हाती घेतलं आणि फेब्रुवारी १९९४मध्ये १.० ही आवृत्ती बाहेर पडली.

अशीच गरज त्याआधी अमेरिकेतच न्यू मेक्सिकोत क्लीव्ह मोलर यांना जाणवली होती. मोठमोठी समीकरणं सोडवणारे ‘लिनपॅक’ आणि ‘आइसपॅक’ हे फोरट्रानमधले संच तयार होते, पण ते वापरायला विद्यार्थ्याला आधी फोरट्रान यावं लागे. म्हणून मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीला ‘मॅट्रिक्स लॅबोरेटरी’, म्हणजे मॅटलॅब लिहिलं. त्या पहिल्या मॅटलॅबला एकच प्रकारची वस्तू माहीत होती, ती म्हणजे मॅट्रिक्स, आकड्यांचा चौकोनी तक्ता. १९८४मध्ये त्याची कंपनी झाली आणि आज मॅटलॅब विकत घ्यावं लागतं. ऑक्टेव्हची भाषा जवळजवळ तीच आहे. फ्रान्समध्ये जन्मलेलं सायलॅबही याच घराण्यातलं. आपल्या आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं ते महाविद्यालयांत नेण्यासाठी बरंच काम केलंय, आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतूनही धडे ऐकायला मिळतात.

ऑक्टेव्ह आणि मॅटलॅब या दोन्ही साधनांचा उगम शिक्षकाच्या टेबलावरचा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलानं विषयाकडे पाहावं, यंत्राच्या आतड्यांकडे नव्हे, अशी इच्छा धरून ती बनली.

ऑक्टेव्ह उघडलं की एक खिडकी येते आणि >> अशी खूण तुमची वाट पाहत थांबते. इथे प्रोग्राम वगैरे लिहायच्या आधी नुसतं बोलायला सुरुवात करा. ५४३२ - २३४५ लिहा, एंटर दाबा. लगेच उत्तर: ३०८७. (ऑक्टेव्हला रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच कळतात. या पानांवर वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितोय.) उत्तराला तुम्ही नाव दिलं नाहीत तर ते स्वतःच ‘आन्स’ नावाच्या डब्यात ठेवतं. नाव द्यायचं असेल तर न = ३५२४ असं लिहायचं. ओळीच्या शेवटी सेमीकोलन टाकला की काम होतं, पण उत्तर पडद्यावर येत नाही. नऊ हजार उत्तरं भराभर पडद्यावरून धावायला लागली की या छोट्याशा चिन्हाची किंमत समजते.

पहिला तास एवढंच करावं. लिहायचं, एंटर दाबायचं, उत्तर पाहायचं. ‘आता असं केलं तर?’ म्हणून परत लिहायचं. सी किंवा जावा या भाषा शिकताना आधी काही ओळींचा साचा पाठ करावा लागतो, आणि त्या ओळी तिथे का आहेत ते पुढे कधीतरी कळतं. इथे पहिल्या ओळीपासून प्रत्येक अक्षराला अर्थ आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती. अकरावीत आहे. ६१७४ तिला ठाऊक होता, म्हणून तिला म्हटलं, सगळ्या संख्या तपासून दाखव. तिनं आधी वहीत रीत लिहिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती सवय लाखाची आहे. मग ती ऑक्टेव्हशी खेळत बसली आणि तासाभरात तिला दोन उपयोगी आज्ञा सापडल्या. ‘नम-टू-स्ट्र’ संख्येचा मजकूर करते, म्हणजे ३५२४ ही किंमत न राहता ‘३’, ‘५’, ‘२’, ‘४’ अशी चार अक्षरं होतात. ‘सॉर्ट’ त्यांना क्रमानं लावते. मग ‘स्ट्र-टू-नम’ वापरून मजकुराची परत संख्या करायची. झालं. तिच्या प्रोग्रामचं काळीज असं होतं:

व्हाइल न ~= ६१७४
  मोठी = उतरत्या क्रमानं लावलेले न-चे अंक;
  लहान = चढत्या क्रमानं लावलेले न-चे अंक;
  न = मोठी - लहान;
  पायऱ्या = पायऱ्या + १;
एंड

मधल्या दोन ओळी मी इथे मराठीत सांगितल्यात. पहिली ओळ म्हणते, न जोवर ६१७४ नाही तोवर आतलं करत राहा. अशा फेऱ्यांना लूप म्हणतात. ~= ही खूण म्हणजे ‘बरोबर नाही’. पायऱ्या = पायऱ्या + १ या ओळीपाशी तिचा हात थांबला. “मामा, हे कसं खरं असेल? कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकानं मोठी नसते.” तिचं बरोबर होतं. गणिताच्या तासाला = म्हणजे विधान असतं, दोन्ही बाजू सारख्या आहेत असं सांगणारं. इथे = म्हणजे हुकूम. उजवीकडचा हिशेब कर आणि आलेली किंमत डावीकडच्या नावाच्या डब्यात टाक. आधी डब्यात जे होतं ते गेलं. सारखेपणा विचारायचा असेल तर दोन चिन्हं, ==, आणि त्याचं उत्तर येतं १ किंवा ०, म्हणजे हो किंवा नाही. चिन्ह एकच आणि कामं दोन, हा गोंधळ नवशिक्याला पुष्कळ दिवस छळतो. तो गोंधळ म्हणजे मंदपणा नव्हे. दहा वर्षं शाळेत एक अर्थ पक्का करून घेतल्यावर तसं वाटणारच.

३५२४ दिल्यावर पायऱ्या ३ आल्या. तिनं आणखी पाच-सहा संख्या दिल्या, सगळ्या बरोबर. मग हे सगळं दुसऱ्या एका लूपमध्ये घातलं, १०००पासून ९९९९पर्यंत, आणि एंटर दाबून ती फराळाचं ताट आणायला गेली.

परत आली तरी >> ही खूण आलेली नव्हती. दहा मिनिटं झाली. “मामा, हा थांबतच नाहीये.”

कंट्रोल आणि सी दाबलं की चालू काम थांबतं, ते तिला दाखवलं. मग विचारलं, कुठपर्यंत पोचला होता? डब्यात पाहिलं तर पहिल्याच संख्येवर, १०००वर. एकही पुढे सरकली नव्हती. आतल्या ओळीचा सेमीकोलन काढला आणि परत चालवलं. पडद्यावर आलं ९९९, मग ०, मग ०, ०, ०… थांबवेपर्यंत शून्यंच. प्रोग्राम आत काय करतोय ते पाहण्याचा याहून जुना आणि भरवशाचा उपाय मला माहीत नाही. झाकण काढा आणि बघा.

१०००मधून १ गेला, ९९९ उरले. ९९९चे अंक कसेही लावा, ९९९च. वजाबाकी शून्य. आणि शून्य हे काही ६१७४ नव्हे, म्हणून व्हाइल म्हणतो, अजून एकदा. यंत्रानं तिचा शब्द न् शब्द पाळला होता.

तिनं लगेच तोडगा काढला. व्हाइलच्या ओळीत भर टाकली, ‘आणि न शून्यही नाही’. प्रोग्राम चालला, थांबला, नऊ हजार उत्तरं आली. ती खूश. बहुतेक जण इथे उठतात, आणि मी तिला इथेच बसवून ठेवलं, कारण या घटकेला जे शिकता येतं ते एरवी येत नाही. एररचा मजकूर आला की निदान चुकलंय हे तरी कळतं. इथे प्रोग्राम न कुरकुरता चालला होता आणि तरीही चूक होता.

“शून्यावर किती गेल्या?” मी विचारलं. तिचा अंदाज नऊ, एकसारख्या अंकांच्या. ऑक्टेव्हमध्ये मोजणी फार सुंदर होते. सगळ्या शेवटच्या किमती एका रांगेत असतील तर ‘रांग == ०’ असं लिहिल्याबरोबर तितक्याच लांबीची १ आणि ०ची दुसरी रांग मिळते, जिथे शून्य सापडलं तिथे १. त्या रांगेची ‘सम’नं बेरीज केली की मोजणी झाली. लूप नको, काही नको. बेरीज आली ७७.

नऊ हव्या होत्या, आल्या सत्त्याहत्तर. म्हणजे अडुसष्ट संख्या कापरेकरांना खोटं ठरवत होत्या. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. क्षणभर तिला वाटलं, आपल्याला काहीतरी नवं सापडलं. ‘फाइंड’ ही आज्ञा त्या कुठे आहेत ते सांगते. (ऑक्टेव्ह जागा १पासून मोजतं, सी आणि पायथनसारखी ०पासून नाही. त्यामुळे पहिली जागा म्हणजे १०००, हे हिशेबात धरावं लागतं.) यादी निघाली: १०००, १०११, ११०१, १११०, मग अपेक्षित ११११, मग १११२, ११२१, १२११… अशी पुढे १२२२, २१११.

मी म्हटलं, यंत्र ठेव बाजूला. २१११ हातानं कर.

तिनं वहीत मांडलं. २१११ वजा १११२. एककातून दोन जात नाहीत, दशकातला हातचा, तिथे उरत नाही म्हणून शतकातला, हजारातला. उत्तर लिहिलं: ०९९९. आणि न थांबता पुढची ओळ, ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८. ६१७४.

पाच पायऱ्यांत पोचली. मग तिनं वर पाहिलं आणि स्वतःच्याच अक्षरातल्या त्या पहिल्या शून्यावर बोट ठेवलं. ते तिनं कधी लिहिलं हे तिला आठवत नव्हतं.

प्राथमिक शाळेच्या वहीत आपण चार रकाने आखत असू, वर अक्षरं ह, श, द, ए. हजार, शतक, दशक, एकक. वजाबाकी त्या रकान्यांत व्हायची आणि रकाना रिकामा राहिला तर त्यात शून्य लिहायचं, कारण बाई सांगायच्या, घर रिकामं सोडू नये. अकरावीतल्या मुलीच्या हातात ते रकाने अजून आहेत. रेघा गेल्या, सवय राहिली. कापरेकरांची रीत ‘चार अंकी संख्या’ असं म्हणते तेव्हा तिचा खरा अर्थ ‘चार घरं’ असा असतो. भाचीनं यंत्राला अंक उलटसुलट लावायला सांगितलं, घरं चार आहेत हे सांगितलं नाही. यंत्राच्या लेखी ०९९९ आणि ९९९ एकच संख्या, आणि ९९९ला अंक तीनच.

इथे एक बारकावा आहे, तो सोडू नये. सुरुवातीच्या ३५२४च्या उदाहरणात आपण ०३७८ लिहिले होते, तिथेही पुढे शून्य होतं. तिथे यंत्रानं ते गिळलं तरी बिघडलं नाही, कारण ती संख्या नुसती वजा करायची होती आणि वजा करताना ०३७८ आणि ३७८ यांत फरक नाही. शून्य हरवल्याचा घात फक्त तिथे होतो जिथे वजाबाकीचं उत्तर घेऊन त्याचे अंक परत लावायचे असतात. म्हणूनच तिनं सुरुवातीला तपासलेल्या पाच-सहा संख्यांत चूक दिसली नाही. चूक नऊ हजारांतल्या अडुसष्ट संख्यांपुरतीच होती. हाताला येतील त्या चार संख्या तपासून समाधान मानणं किती फसवं असतं, हे मी तिला शब्दांत सांगून पटलं नसतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. मजकूर करताना ‘चार जागा राख, रिकाम्या जागी शून्य भर’ असं सांगता येतं. पण मला तिला रकान्यांची रीत दाखवायची होती. ऑक्टेव्हचा खरा स्वभाव तिथे दिसतो.

असं लिहा: ३५२४ ./ [१००० १०० १० १]. चौकोनी कंसात आकड्यांची रांग आहे, आणि त्या चार आकड्यांनी ३५२४ला एकाच झटक्यात भागायचंय. उत्तरही रांगच: ३.५२४, ३५.२४, ३५२.४, ३५२४. ‘फ्लोअर’ लावला की दशांश चिन्हापुढचं गळून पडतं: ३, ३५, ३५२, ३५२४. आता प्रत्येकाला १०नं भागून बाकी काढायची, ती ‘मॉड’ देते: ३, ५, २, ४. ह, श, द, ए. हेच ९९९ला करा. ९९९ भागिले १००० म्हणजे ०.९९९, फ्लोअर केल्यावर ०. रांग येते ०, ९, ९, ९. शून्य न सांगता आलं, कारण या वेळी आपण घरं आधी आखली आणि मग अंक भरले.

(भागाकार आला की एका गोष्टीची जाणीव ठेवावी. ०.१ + ०.२ == ०.३ असं विचारलं तर ऑक्टेव्ह ० म्हणतं, नाही. एक तृतीयांश जसा दशांशात ०.३३३… असा संपता संपत नाही, तसा एक दशांश यंत्राच्या द्विमान पद्धतीत संपत नाही, आणि तो कुठेतरी तोडावा लागतो. पूर्णांकांना हा त्रास नाही, दोनच्या ५३व्या घातापर्यंत ते अचूक राहतात. आपला फ्लोअर इथे सुरक्षित आहे, कारण हजारनं भागलेली संख्या पूर्णांक नसेल तर ती पुढच्या पूर्णांकापासून निदान एक हजारांशाने दूर असते.)

अंक उतरत्या क्रमानं लावले, [५ ४ ३ २]. यांची परत संख्या करायची. पाच हजार, चार शतक, तीन दशक, दोन एकक, म्हणजे रांगेचा [१००० १०० १० १]शी गुणाकार. भाचीनं मध्ये * टाकलं आणि एरर आली. तिचा अर्थ असा, की दोन्ही १ × ४ आकाराचे आहेत, या आकारांचा गुणाकार जमत नाही. ही एरर ऑक्टेव्ह शिकणाऱ्या प्रत्येकाला येते आणि तिला घाबरू नये, उलट ती वाचावी, कारण ती कुठे दुखतंय ते नेमकं सांगते. * म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार, त्यात आडव्या रांगेची गाठ उभ्या रकान्याशी पडावी लागते. दुसऱ्या रांगेपुढे ’ अशी खूण टाकली की ती आडवीची उभी होते, आणि मग उत्तर येतं ५४३२, चार गुणाकार आणि त्यांची बेरीज एकदम. घरातल्या घरात गुणाकार हवा असेल तर चिन्हाआधी टिंब द्यायचं, .* असं, जसं मघाशी भागाकाराला दिलं. टिंब आणि बिनटिंब, यात या भाषेचं अर्धं व्याकरण आहे.

आता नऊ हजार संख्या. त्यांचा एक उभा रकाना करा आणि तीच ओळ, तिच्यात काही न बदलता, त्या रकान्यावर चालवा. उभ्या रकान्याला आडव्या रांगेनं भागलं की ऑक्टेव्ह तक्ता भरतं, ९,००० ओळी, ४ रकाने, प्रत्येक ओळीत एका संख्येचे ह, श, द, ए. सॉर्टला सांगायचं, रकान्यांत नव्हे, ओळींत लाव. वजाबाकीही एकाच ओळीत, सगळ्यांची एकदम. भाचीच्या दोन लूपच्या जागी पाच-सहा ओळी राहिल्या आणि उत्तर डोळा लवायच्या आत. पण वेगापेक्षा मला वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. ‘प्रत्येक संख्या घे, मग तिचं असं कर’ हे म्हणणं गेलं आणि ‘संख्यांचं असं कर’ हे आलं. मोलर यांनी यंत्राला मॅट्रिक्सखेरीज काही शिकवलंच नाही, त्याचं मोल इथे कळतं.

तर निकाल. शून्यावर नऊ. ६१७४वर ८,९९१. कापरेकर बरोबर. एका पायरीत पोचणाऱ्या ३५६, दोन पायऱ्यांत ५१९, तीनमध्ये २,१२४, चारमध्ये १,१२४, पाचमध्ये १,३७९, सहामध्ये १,५०८, सातमध्ये १,९८०. आणि ६१७४ स्वतः, बिनपायरीचा. आठ पायऱ्या एकीलाही लागत नाहीत. ‘बार’ ही आज्ञा देऊन त्याचे खांब काढले तर तीनचा खांब सगळ्यांत उंच, चारला एकदम खाली, आणि तिथून सातपर्यंत परत चढण.

“असं का?” तिनं विचारलं. ते मलाही लगेच सांगता येईना. मग आम्ही ऑक्टेव्हलाच आणखी एक प्रश्न केला. पहिल्या वजाबाकीनंतर किती वेगवेगळी उत्तरं उरतात? ‘युनिक’ ही आज्ञा पुनरावृत्ती काढून टाकते. ८,९९१ संख्यांवर चालवली. उत्तर आलं ५४.

नऊ हजारांच्या जवळपास संख्या, आणि एका पावलात त्या चोपन्न ठिकाणी गोळा होतात. तिनं पेन्सिल घेतली. उतरत्या क्रमानं लावलेले अंक अ, ब, क, ड धरले. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान १०००ड + १००क + १०ब + अ. वजा केलं. ९९९ गुणिले (अ - ड), अधिक ९० गुणिले (ब - क). म्हणजे अंक कोणते आहेत याला काही महत्त्वच नाही, फक्त बाहेरच्या दोघांतलं अंतर आणि आतल्या दोघांतलं अंतर. बाहेरचं अंतर १ ते ९. आतलं अंतर ०पासून सुरू होतं आणि बाहेरच्याहून मोठं होऊ शकत नाही. बाहेरचं १ असेल तर आतल्याला दोन पर्याय, २ असेल तर तीन, असं ९पर्यंत गेलं की दहा. तिनं दोनपासून दहापर्यंतच्या आकड्यांची बेरीज बोटांवर केली. चोपन्न.

मग तिनं वहीचं नवीन पान उलटलं, त्यावर चोपन्न घरांचा तक्ता आखला आणि कोणत्या घरातून कोणत्या घरात बाण जातो ते भरायला बसली. संगणक तसाच उघडा होता, >> ही खूण लुकलुकत होती.